खाऱ्या पाण्यातला मासा उपाशी ठेवून खायला शिकत नाही

'काही टाकू नका भाऊ, भूक लागली का खाते बराबर.' खाऱ्या पाण्याच्या टाकीतला मासा खाद्याला तोंड लावेना, की हा सल्ला हमखास मिळतो. विदर्भातल्या राळेगावपासून समुद्र शेकडो किलोमीटर लांब. इथे मासा, मीठ, खाद्य सगळंच बाहेरून आणावं लागतं, म्हणून एका चुकीच्या सल्ल्याची किंमतही मोठी असते. आणि हा सल्ला साफ चुकीचा आहे.

गोल्डफिश चार दिवस उपाशी राहिला, तर पाचव्या दिवशी दाण्यावर तुटून पडतो. समुद्रातून पकडून आणलेल्या माशाचं तसं नसतं, कारण दाणा हे अन्न आहे हेच त्याला ठाऊक नसतं. रंगीबेरंगी मँडरिन मासा घ्या. समुद्रातून पकडलेल्या मँडरिनच्या पोटाची तपासणी झाली, तेव्हा त्यात कोपेपॉडसारखे बारीक कवचधारी जीव, कृमी, इवल्या गोगलगाई आणि माशांची अंडी सापडली. हा मासा दिवसभर खडकावरून एकेक जीव टिपत फिरतो. त्याला उपाशी ठेवलं, तर तो दाण्याकडे वळत नाही, खंगत जातो. आधी पोट आत जातं, मग डोक्यामागचा पाठीचा भाग खोलगट दिसू लागतो. तोवर बहुतेकदा उशीर झालेला असतो.

काही फुलपाखरू मासे तर याहून हट्टी. सागरी जीवशास्त्रज्ञ मॉर्गन प्रॅचेट यांनी ऑस्ट्रेलियातल्या लिझार्ड बेटाभोवती केलेला अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात किटोडॉन ट्रायफॅसिॲलिस ही जात जवळजवळ फक्त ॲक्रोपोरा प्रवाळच खाताना आढळली. भारतात सगळी कठीण प्रवाळं वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे ती समुद्रातून काढून माशाला घालण्याची सोय नाही. असा मासा विकत घेणं म्हणजे त्याला उपासमारीत आणून सोडणं, हे स्पष्टच सांगायला हवं.

मग खायला शिकवायचं कसं? आधी लपायला खडक द्या, दिवा मंद ठेवा, दांडगे सोबती वेगळे करा. भेदरलेला मासा खात नाही. मग हलणारं अन्न द्या. आर्टेमिया या इवल्या कवचधारी जीवाची अंडी खाऱ्या, कोमट पाण्यात हवा सोडून ठेवली की साधारण चोवीस तासांत फुटतात. नारिंगी ठिपक्यांसारखी ही पिल्लं ताजी असतानाच घाला. पिवळ्या बलकाचा साठा संपला की त्यांचा कस उतरतो. मासा ती टिपू लागला, की त्यांत गोठवलेले मायसिस हे झिंग्यासारखे जीव थोडे थोडे मिसळायचे आणि जिवंत खाद्य हळूहळू कमी करायचं. खडक टोचणाऱ्या माशांसाठी रिकाम्या शिंपल्यात झिंग्याचा लगदा दाबून भरला, तर त्यांना टोचायची ओळखीची जागा मिळते. याला आठवडे लागतात. तेवढा धीर नसेल, तर मासा आणूच नये.

लसणाच्या रसाने भूक उघडते, रोगही जातो म्हणतात. वासाने एखादा मासा जवळ येतो, पण रोग बरा होतो याला पक्का पुरावा नाही. ट्युबिफेक्स कृमींवर कायम भागत नाही: समुद्री माशांना लागणारी ईपीए आणि डीएचए ही स्निग्धाम्लं गोड्या पाण्यातल्या कृमींत पुरेशी नसतात आणि ती पुरेशी तयार करणं बहुतेक समुद्री माशांच्या शरीराला जमत नाही. लायनफिशला जिवंत गोल्डफिश घालायची हौस त्याच्या यकृतावर उठते.   आणि 'समुद्री घोडा फक्त जिवंतच खातो, काय घालू?' असं विचारणाऱ्यांसाठी: समुद्री घोडे २००१ पासून वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत. ते पाळणं हाच गुन्हा आहे.

हौस खरी असेल, तर पैदाशीतला क्लाउनफिश घ्या. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने मंडपमला त्याची पैदास करून दाखवली आहे. टाकीत जन्मलेलं पिल्लू लहानपणापासून दाणा खातं, त्यामुळे हा सगळा झगडाच उरत नाही. दुसरा कोणताही मासा घेताना, नागपूरच्या दुकानात असो की मुंबईच्या, दुकानदाराला तुमच्यासमोर खाद्य टाकायला सांगा. मासा खाताना दिसला नाही, तर पैसे देऊ नका.