‘चालता येतं ना?’ याचे पूर्ण उत्तर

‘‘काका, चालता येतं ना?’’ दिव्यांगत्वाच्या तपासणीत हा प्रश्न येतोच आणि बहुतेक वेळा उत्तर मिळते, ‘‘येतं की, साहेब.’’ उत्तर खोटे नसते. काका खरेच चालत आलेले असतात. पण एसटी स्टँडपासून सिव्हिलपर्यंत ते दोनदा कट्ट्यावर टेकले, मुलाच्या खांद्याचा आधार घेतला आणि उद्याचा दिवस अंथरुणात जाणार आहे, हे कोणी विचारत नाही आणि तेही सांगत नाहीत. दुखणे बोलून न दाखवण्याची आपली सवय एरवी कौतुकाची असली, तरी या खोलीत ती महागात पडते.

कारण इथे टक्केवारी ठरते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 प्रमाणे 40 टक्के ही बहुतेक लाभांची उंबरठ्याची रेषा. संजय गांधी निराधार अनुदान योजनेतही दिव्यांगांसाठी तीच आहे. केंद्राच्या इंदिरा गांधी दिव्यांग निवृत्तिवेतनासाठी मात्र 80 टक्के लागतात. प्रकृतीत फरक पडण्याची शक्यता असेल तर प्रमाणपत्र ठरावीक मुदतीचेच मिळते आणि मुदत संपली की पुन्हा तपासणी. त्यात बोगस प्रमाणपत्रांच्या बातम्या गाजल्यापासून फेरतपासणीचा फास आणखी आवळला गेला आहे. बोगस लोक पकडले जावेत, यात दुमत नाही. पण त्याच रांगेत असेही लोक उभे असतात, ज्यांचा पाय दिसायला धडधाकट आहे आणि काम मात्र करत नाही.

डॉक्टर नेमके मोजतात काय? केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार पायाच्या दिव्यांगत्वाचे दोन भाग केले जातात. पहिला हालचालीचा. सांधा किती अंशांपर्यंत वळतो हे कोनमापकासारख्या उपकरणाने पाहतात आणि स्नायूंची ताकद 0 ते 5 अशा श्रेणीत नोंदवतात. दुसरा भाग स्थैर्याचा. त्यात नऊ क्रिया आहेत: सपाट जमिनीवर चालणे, उतारावर चालणे, जिना चढणे, दोन्ही पायांवर उभे राहणे, फक्त दुखऱ्या पायावर उभे राहणे, उकिडवे बसणे, मांडी घालणे, गुडघे टेकणे आणि वळणे. प्रत्येक क्रियेला 10, म्हणजे एकूण 90. उकिडवे आणि मांडी घालून बसणे या यादीत आहे, हे मला फार महत्त्वाचे वाटते. आपल्याकडे जेवणापासून शौचापर्यंत निम्मे आयुष्य जमिनीलगत चालते, याची कोणीतरी दखल घेतली आहे.

आता हिशेबाची एक गोष्ट, जी न कळल्याने अनेकांना आपली टक्केवारी मुद्दाम कापली असे वाटते. दोन भागांची सरळ बेरीज होत नाही. मोठा आकडा तसाच राहतो आणि 90 पैकी जेवढा भाग उरला, त्या प्रमाणातच लहान आकडा त्यात मिळतो. एका भागात 24 आणि दुसऱ्यात 18 आले तर बेरीज 42, पण सूत्राने उत्तर साधारण 37 येते. म्हणजे रेषेच्या खाली. काठावरच्या माणसाच्या बाबतीत ‘जिना कठड्याला धरून, एकेक पायरी चढतो’ हे सांगितले की न सांगितले, यावर बरेच अवलंबून असते ते यामुळेच.

या पद्धतीची मर्यादाही स्पष्ट आहे. ती पाय किती निकामी झाला ते मोजते, चालण्याची किंमत नाही. स्नायूची ताकद एकदा जोर लावून बघतात. विसाव्या पावलाला तो स्नायू काय करतो, ते खोलीत दिसत नाही. वेदनेला, थकव्याला या आकडेमोडीत जागा फार थोडी. शिवाय वेळेचा प्रश्न आहेच. आमवाताच्या रुग्णाचे सांधे पहाटे आखडलेले असतात आणि अकरा वाजता नंबर लागेपर्यंत बरेच मोकळे होतात. पार्किन्सनचा रुग्ण गोळीचा अंमल असेपर्यंत बऱ्यापैकी चालतो, अंमल उतरला की पाऊल जमिनीला खिळते. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये उन्हाने आणि श्रमाने पाय लुळे पडतात, विश्रांतीनंतर पुन्हा चालू लागतात. अशांनी शेवटची गोळी किती वाजता घेतली, वाईट दिवस आठवड्यात किती असतात, हे स्वतःहून सांगायला हवे.

म्हणून कागद नेताना जाडजूड फाइलपेक्षा नेमका कागद न्यावा. औषधांची बिले कोणी वाचत नाही. डिस्चार्ज कार्ड, शस्त्रक्रियेची नोंद, एक्स-रे व एमआरआयचे अहवाल तारखांच्या क्रमाने लावावेत. त्यावर, नेहमीच्या डॉक्टरांचे किंवा फिजिओथेरपिस्टचे एक पानी पत्र असावे: न थांबता किती अंतर, काठी की वॉकर, सहा महिन्यांत किती वेळा पडले, जमिनीवरून उठायला कोणाची मदत लागते. ‘चालण्यास त्रास होतो’ असे मोघम वाक्य कुणाच्याच कामाचे नाही. फिजिओथेरपिस्ट दोन सोप्या चाचण्याही करू शकतात. खुर्चीतून उठून 3 मीटर चालत जाऊन, वळून परत येऊन बसायला किती सेकंद लागतात, ही एक. निरोगी ज्येष्ठांना त्यासाठी साधारण 10 सेकंद पुरतात. सहा मिनिटांत किती मीटर चालता येते, ही दुसरी. टक्केवारीच्या सूत्रात हे आकडे थेट जात नाहीत, पण डॉक्टरांसमोर तारखेसह एक मोजमाप येते.

रोज काठी वापरत असाल तर त्या दिवशी ती घरी ठेवू नका. ‘उगाच नाटक वाटेल’ म्हणून काठीशिवाय जाणारे लोक असतात. उलट, नसलेले लंगडणेही आणू नका. रोज शेकडो माणसांची चाल पाहणाऱ्या डोळ्यांना ते दारातच कळते आणि मग खरे सांगितलेलेही संशयात जाते.

फेरतपासणी म्हणजे टक्केवारी घटणारच, असेही नाही. लहानपणी पोलिओ झालेल्या काहींना पन्नाशीच्या आसपास नवा अशक्तपणा जाणवू लागतो. कधी ज्या पायाला चांगला समजत होतो, त्यातही. पोलिओत वाचलेल्या चेतापेशी वर्षानुवर्षे जास्तीचा भार वाहून थकतात, असे त्याचे कारण मानले जाते. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या प्रमाणपत्रात हा बदल नसणारच. अशा वेळी आपणहून नव्याने तपासणी मागणे योग्य.

आणि अर्ज फेटाळला गेला तर कारण लेखी मिळाले पाहिजे, अशी नियमांत तरतूद आहे. ते मागून घ्यावे. कायद्याच्या कलम 59 नुसार प्रमाणपत्राच्या निर्णयाविरुद्ध राज्य सरकारने नेमलेल्या प्राधिकाऱ्याकडे अपील करता येते. अपिलात ‘अन्याय झाला’ एवढेच लिहून भागत नाही. नऊपैकी कोणती क्रिया तपासलीच गेली नाही, कोणता अहवाल पाहिला गेला नाही, हे लिहावे लागते. त्यासाठी तपासणीहून परतल्यावर त्याच संध्याकाळी काय काय करायला सांगितले ते घरच्या कुणाकडून तरी वहीत उतरवून ठेवावे.