इंग्रजीतला होकार

‘येस’ म्हणजे ‘हो’, हे इंग्रजीच्या पहिल्याच धड्यात शिकवले जाते. चार-पाचशे वर्षांपूर्वी मात्र या शब्दाचे काम वेगळे होते. तेव्हा इंग्रजीत होकाराचे दोन शब्द होते आणि नकाराचेही दोन. सरळ प्रश्नाला होकार द्यायचा तर ‘ये’ आणि नकार द्यायचा तर ‘ने’ म्हणत. प्रश्नच नकारार्थी असला आणि त्यातला नकार खोडायचा असला तर ‘येस’, तो मान्य असला तर ‘नो’. ‘तो आला का?’ याचे उत्तर ‘ये’. ‘तो आला नाही का?’ याचे उत्तर, तो आला असल्यास, ‘येस’. हा भेद पाळला जात नाही म्हणून सर थॉमस मोर यांनी १५३२ साली बायबलचे भाषांतरकार विल्यम टिंडल यांच्यावर टीका केली होती. पुढे भेद पुसला गेला आणि रोजच्या बोलण्यात ‘येस’ आणि ‘नो’ एवढेच उरले.

नकारार्थी प्रश्नाला उत्तर देताना मराठी माणूस आजही अडखळतो. ‘जेवला नाहीस?’ असे विचारल्यावर मराठीत ‘हो, नाही जेवलो’ म्हणता येते. इथला ‘हो’ विचारणाऱ्याच्या अंदाजाला दुजोरा देतो. इंग्रजीत ‘येस’ किंवा ‘नो’ आपल्याच पुढच्या वाक्याशी जुळावा लागतो. जेवण झाले नसेल तर ‘नो, आय हॅवन्ट’, झाले असेल तर ‘येस, आय हॅव’. ‘येस, आय हॅवन्ट’ हे उत्तर ऐकणाऱ्याला गोंधळात टाकते. ‘डू यू माइंड इफ आय सिट हिअर?’ या प्रश्नात तर परवानगी द्यायला ‘नो, नॉट ॲट ऑल’ म्हणावे लागते. ‘माइंड’ म्हणजे हरकत असणे. हरकत नाही, म्हणून ‘नो’.

दुसऱ्याची गोष्ट आपल्यालाही लागू आहे, हे मराठीत ‘मीपण’ किंवा ‘मलासुद्धा’ म्हणून भागते. इंग्रजीत समोरच्या वाक्यातले सहायक क्रियापद उचलावे लागते. ‘आय ॲम टायर्ड’ला ‘सो ॲम आय’, ‘आय लाइक टी’ला ‘सो डू आय’. वाक्य नकारार्थी असेल तर ‘सो’च्या जागी ‘नायदर’ येतो: ‘आय कान्ट स्विम’ला ‘नायदर कॅन आय’. घरगुती बोलण्यात ‘मी टू’ आणि ‘मी नायदर’ चालतात. शब्दांचा क्रम इथे महत्त्वाचा आहे. ‘सो डज शी’ म्हणजे ‘तीसुद्धा’. ‘सो शी डज’ म्हणजे ‘खरेच की, ती तसे करते’.

मताशी सहमती दाखवताना तिचे वजनही शब्दांतून कळते. पूर्ण पटल्यावर ‘ॲब्सोल्यूटली’, ‘एक्झॅक्टली’ किंवा ‘आय कुडन्ट ॲग्री मोअर’ म्हणतात. शेवटच्या वाक्यात नकार दिसतो, पण अर्थ ‘याहून अधिक सहमत होणे शक्यच नाही’ असा आहे. ‘टेल मी अबाउट इट’ ही पुढे सांगण्याची विनंती वाटते. तक्रारीच्या उत्तरात तिचा अर्थ ‘मलाही हा अनुभव आहे’ असा होतो. ‘आय सपोज सो’मध्ये मान डोलते, पण मन साशंक असते. ‘फेअर इनफ’ म्हणणारा समोरच्याचे म्हणणे रास्त मानतो, स्वतःचे मत बदलेलच असे नाही. ‘आय सी युअर पॉइंट’ एवढ्याने मुद्दा समजला इतकेच कळते. त्यामागून बहुधा ‘बट’ येतो.

‘मी सहमत आहे’ या मराठी वाक्यावरून ‘आय ॲम ॲग्री’ अशी चूक होते. ‘ॲग्री’ हे क्रियापद आहे, म्हणून ‘आय ॲग्री’ एवढेच पुरते. माणसाशी किंवा मताशी सहमती असेल तर पुढे ‘विथ’, प्रस्ताव मान्य असेल तर ‘टू’, आणि सर्वांनी मिळून तारीख किंवा किंमत ठरवली तर ‘ऑन’.

काही ठिकाणी होकाराचा शब्द रूढीने ठरलेला आहे. ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये बाजूने मत देणारे ‘आय’ म्हणतात. उच्चार ‘मी’ या अर्थाच्या ‘आय’सारखाच. हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये त्याजागी ‘कन्टेन्ट’ म्हणतात. आपल्या लोकसभेतही इंग्रजीत ‘आय’ आणि ‘नो’ हेच शब्द रुळले आहेत. नौदलात हुकुमाला ‘आय आय, सर’ हे उत्तर असते: हुकूम कळला आणि तो पाळला जाईल. बिनतारी संदेशात ही दोन कामे वेगळी केली आहेत. ‘रॉजर’ म्हणजे संदेश मिळाला, ‘विल्को’ म्हणजे सांगितले तसे केले जाईल. ‘रिसीव्ह्ड’चे आद्याक्षर जुन्या वर्णसंकेतात ‘रॉजर’ असे उच्चारत, त्यावरून पहिला शब्द आला. ‘विल कम्प्लाय’चे लघुरूप दुसरा.

जगभर पसरलेला ‘ओके’ मात्र थट्टेतून जन्मला. अमेरिकेत एके काळी मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगची लघुरूपे करण्याची टूम होती. ‘ऑल करेक्ट’ची अशी आद्याक्षरे ‘ओ’ आणि ‘के’ २३ मार्च १८३९ रोजी ‘बॉस्टन मॉर्निंग पोस्ट’मध्ये छापली गेली. पुढच्याच वर्षी अध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्युरेन निवडणुकीला उभे होते. ते किंडरहूक गावचे, म्हणून ‘ओल्ड किंडरहूक’. तीच आद्याक्षरे प्रचारात गाजली आणि शब्द टिकला. ॲलन वॉकर रीड या भाषातज्ज्ञांनी १९६०च्या दशकात ही व्युत्पत्ती शोधून काढली. ‘ओके’ने सूचना स्वीकारता येते, बेत पक्का करता येतो. मत पटल्याचे सांगायला मात्र तो अपुरा पडतो. तिथे ‘आय ॲग्री’ किंवा ‘दॅट्स ट्रू’ म्हणावे लागते.