दहा लाख शिट्ट्यांचा हिशेब

१७ फेब्रुवारी २०२५, सोमवार. पहाटेचे ५ वाजून ३६ मिनिटं झाली होती. आधी आवाज आला, एखाद्या गोदामाचं शटर कुणीतरी दाणकन खाली ओढावं तसा. मग पलंग हलला. मयूर विहारच्या चौथ्या मजल्यावर मी उठून बसले, तेव्हा स्वयंपाकघरातल्या मांडणीवरची स्टीलची ताटं एकमेकांवर किणकिणत होती. काही सेकंदांत सगळं शांत झालं. खाली मात्र शाली गुंडाळलेली, लेकरं कडेवर घेतलेली अर्धी सोसायटी अंधारात उभी होती.

भूकंपाचं केंद्र धौला कुआँजवळ, जमिनीखाली अवघ्या ५ किलोमीटरवर होतं. तीव्रता ४.०. इतक्या जवळून, इतक्या उथळावरून आला म्हणूनच तो ऐकूही आला.

सात वाजेपर्यंत आमच्या मराठी मंडळींच्या गटात निरोप फिरू लागला : ‘झालं ते बरंच झालं. कुकरची शिट्टी झाली. थोडी थोडी वाफ गेली, की कुकर फुटत नाही.’ निरोप पाठवणारे काका सज्जन आहेत, त्यांना सगळ्यांना धीरच द्यायचा होता. पण हा धीर आकड्यांच्या कसोटीला उतरतो का, ते बघायला हवं, कारण दिल्लीत हे वाक्य दर धक्क्यानंतर ऐकू येतं.

भूकंपाच्या तीव्रतेचे आकडे आपल्याला फसवतात. ४ आणि ८ म्हणजे दुप्पट, असं वाटतं. प्रत्यक्षात तीव्रता एका अंकाने वाढली की जमिनीच्या हेलकाव्याची लांबी दहापट होते आणि बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे ३२ पट. दोन अंकांना ती हजारपट होते, चार अंकांना दहा लाखपट.

ही ऊर्जा विजेच्या युनिटांत मोजून पाहा. धौला कुआँच्या धक्क्यातून लहरींच्या रूपात बाहेर पडली ती साधारण १७,५०० युनिट. महिन्याला २०० युनिट जाळणाऱ्या एका घराची सात वर्षांची वीज! ८ तीव्रतेच्या भूकंपातून बाहेर पडतात १,७५० कोटी युनिट. तशाच ७३ लाख घरांना ती वीज वर्षभर पुरेल.

आता शिट्ट्या मोजू. हिमालयात ८ तीव्रतेचा भूकंप व्हायचा असेल आणि तो ४ तीव्रतेच्या शिट्ट्यांनी टाळायचा असेल, तर दहा लाख शिट्ट्या लागतील. रोज पहाटे ५ वाजून ३६ मिनिटांनी एक, असं धरलं तर २,७०० हून अधिक वर्षं. म्हणजे बुद्धाच्याही जन्माआधी सुरुवात करून एकही दिवस खाडा न करता दिल्ली हलत राहिली असती, तर आज कुठे तो हिशेब पुरा झाला असता.

दिल्लीच्या आसपास प्रत्यक्षात झालेल्या काही शिट्ट्या पाहू. २०२० चा टाळेबंदीचा उन्हाळा इथल्या प्रत्येकाला आठवतो. घराबाहेर पडायला बंदी होती आणि घरात थांबायची भीती वाटत होती. १२ एप्रिलला ३.५, दुसऱ्या दिवशी २.७, १० मे रोजी ३.४, २९ मे रोजी रोहतकजवळ ४.५, ३ जुलैला अलवरकडे ४.७. त्यानंतर २०२५ मध्ये धौला कुआँ, १० जुलैला झज्जर ४.४ आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ३.७. या आठही धक्क्यांची ऊर्जा एकत्र केली, तरी धौला कुआँसारख्या जेमतेम २३ शिट्ट्या भरतात. ६ तीव्रतेचा एक भूकंप टाळायला १,००० लागतात.

याच्याहून मोठा प्रयोग निसर्गाने जपानमध्ये करून दाखवला आहे. ऑगस्ट १९६५ मध्ये नागानो प्रांतातल्या मात्सुशिरो गावाखाली लहान भूकंपांची रांग सुरू झाली. थांबेपर्यंत यंत्रांनी ७ लाखांहून अधिक धक्के मोजले आणि त्यातले ६० हजारांहून अधिक माणसांना जाणवले. सात लाख धक्क्यांची बेरीज काय आली? ६.४ तीव्रतेच्या एका भूकंपाएवढी.

१७ फेब्रुवारीच्या त्या पहाटे खाली उभ्या असलेल्या एका मुलाने विचारलं होतं, ‘दिल्लीखाली ज्वालामुखी आहे का?’ प्रश्न वेडगळ नाही. राजधानी क्षेत्रात मोडणाऱ्या भिवानी जिल्ह्यात तोशामची टेकडी आहे. तिचा खडक ज्वालामुखीचाच, पण सुमारे ७५ कोटी वर्षांपूर्वी निवालेला. पुढे २३ नोव्हेंबर २०२५ ला इथिओपियातला हायली गुब्बी ज्वालामुखी उसळला आणि दुसऱ्या रात्री त्याची राख दिल्लीच्या आकाशात पोचली. ज्वालामुखीशी दिल्लीचा ताजा संबंध एवढाच. खरा ज्वालामुखी असतो तिथे अशा धक्क्यांच्या रांगेमागे बहुधा शिलारस किंवा तापलेलं पाणी सरकत असतं. २०२५ च्या फेब्रुवारीत ग्रीसच्या सँटोरिनी बेटाखाली असंच घडलं आणि ११ हजारांहून अधिक लोक बेट सोडून गेले. उद्रेक झाला नाही. दिल्लीखाली शिलारस नाही. इथे जुने, तडकलेले खडक भारतीय भूखंडाच्या रेट्याने अधूनमधून सरकतात, एवढंच.

मग लहान धक्के मोठ्याची नांदी असतात का? याचं उत्तर शोधायला आपल्याला महाराष्ट्राबाहेर जावं लागत नाही.

नोव्हेंबर २०१८ पासून पालघरच्या डहाणू-तलासरी भागात धुंदलवाडीच्या आसपास धक्के सुरू झाले. तिथे पायाखाली दख्खनचा बेसाल्ट आहे, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. हजारो धक्के नोंदले गेले. लोक थंडीत ताडपत्रीच्या तंबूंत झोपले. १ फेब्रुवारी २०१९ ला ४.१ चा धक्का बसला, तेव्हा भीतीने पळताना पडून दोन वर्षांची एक मुलगी गेली. पण त्या धक्क्यांमागून मोठा भूकंप आला नाही.

किल्लारीलाही १९९२ च्या ऑक्टोबरात लहान धक्के बसत होते. त्यातला मोठा होता ४ च्या आसपास, म्हणजे अगदी धौला कुआँएवढा. पुढे ते थांबले आणि लोक विसरले. अकरा महिन्यांनी, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, गणपती विसर्जन करून दमून झोपलेल्या गावांवर ६.२ चा भूकंप कोसळला. शिट्टीच्या दोन हजारपट ऊर्जा! दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचं माळवद अंगावर आलं. आठ ते दहा हजार माणसं गेली.

एकाच खुणेचे हे दोन शेवट. कॅलिफोर्नियातल्या नोंदी सांगतात, की शंभर लहान भूकंपांतल्या साधारण पाचांनंतरच काही दिवसांत त्याहून मोठा येतो. कोणते पाच, ते आधी कुणाला सांगता येत नाही.

म्हणूनच ‘शिट्टी झाली’ हा दिलासा मला धोकादायक वाटतो. इटलीतल्या लाक्विला शहरात २००९ च्या सुरुवातीला असेच महिनोन्‌महिने धक्के बसत होते. एका बड्या अधिकाऱ्याने सांगितलं, की ऊर्जा थोडी थोडी बाहेर पडते आहे, हे चांगलंच लक्षण आहे. जुनी माणसं धक्का बसला की रात्र चौकात काढत. ५ एप्रिलच्या रात्री धक्का बसला, तरी अनेक जण घरातच झोपले. पहाटे ३ वाजून ३२ मिनिटांनी ६.३ चा भूकंप झाला आणि ३०९ माणसं गेली. पुढे शास्त्रज्ञ आणि अधिकारी मिळून सात जणांवर खटला चालला, त्यातले सहा शास्त्रज्ञ अपिलात सुटले. कुकर मात्र फुटून गेला होता.

दिल्लीचं खरं ओझं दोनअडीचशे किलोमीटरवर हिमालयात साठतं आहे. तिथे भारतीय भूखंड वर्षाला सुमारे २ सेंटिमीटर अडकून दबतो. १८०३ च्या गढवाल भूकंपात कुतुबमिनारच्या शिरावरची छत्री कोसळली होती. गढवाल-कुमाऊंच्या पट्ट्यात तेवढा मोठा भूकंप त्यानंतर झालेला नाही. सव्वादोनशे वर्षं गुणिले २ सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ साडेचार मीटर!

अंतर आपल्याला वाचवेल, असं कुणी समजू नये. २००१ च्या भूजच्या भूकंपात अडीचशे किलोमीटरवरच्या अहमदाबादेत ७०० हून अधिक माणसं गेली. तिथल्या पडलेल्या कितीतरी इमारतींच्या तळाशी फक्त पार्किंगसाठी मोकळे सोडलेले खांब होते. दिल्लीच्या रिज टेकडीवर खडक उघडा आहे, पण यमुनेपलीकडे, माझ्या घराखाली, गाळाचा जाड थर आहे, आणि गाळ हादरा वाढवून वर पाठवतो. भूकंपाच्या २००२ च्या नकाशात दिल्ली चौथ्या झोनमध्ये आहे. शहरात १,७३१ अनधिकृत वसाहती आणि त्यांत सुमारे ४० लाख माणसं मोजली गेली आहेत. तिथल्या खांबांचा हिशेब कुणी केला असेल? १५ नोव्हेंबर २०१० ला लक्ष्मीनगरच्या ललिता पार्कमध्ये एक इमारत कोसळून सुमारे ७० माणसं गेली. त्या दिवशी भूकंप शून्य होता.

गेल्या महिन्यात आमच्या गल्लीत एक जुनं घर पाडून नवं उभं राहत होतं. खांबाच्या सळ्या उभ्या होत्या आणि एक कारागीर त्यांना रिंगा बांधत होता. मी त्याला विचारलं, रिंगेचं टोक किती वळवतोस? त्याने काटकोनात वळवलेली रिंग दाखवली. भूकंपासाठीचे नियम सांगतात, की टोक १३५ अंशांत आत, काँक्रीटच्या पोटात वळवावं आणि खांबाच्या दोन्ही टोकांशी रिंगांतलं अंतर १० सेंटिमीटरच्या वर जाऊ देऊ नये. काटकोनातली रिंग हादऱ्यात उघडते, सळ्या बाहेर फुगतात आणि खांब बसतो. मी घरमालकांना हे सांगितलं. त्यांनी अभियंत्याला बोलावलं आणि दुसऱ्या दिवशी रिंगा बदलताना दिसल्या. खर्च वाढला, पण फार नाही.

त्या संध्याकाळी मी गटात काकांना लिहिलं : ‘काका, दहा लाख शिट्ट्या आपल्या हातात नाहीत. आपल्या इमारतीखाली पार्किंगचे सोळा खांब आहेत. ते तपासून घेण्याचा ठराव येत्या सभेत मी मांडते, अनुमोदन तुम्ही द्या.’ काकांचं उत्तर लगेच आलं : ‘देतो. आणि आमच्या मागच्या इमारतीचंही बघू.’