भरलेला दंड आणि परदेशाची वाट

मुळशी तालुक्याला परदेशाची वाट आता नवी राहिलेली नाही. हिंजवडी-माणच्या कचेऱ्यांतले इंजिनियर अमेरिकेला जातात. पिरंगुटच्या कारखान्यांतले फिटर, ड्रायव्हर आखातात नाहीतर कॅनडात नोकरी शोधतात. याच तालुक्यातून पौड-ताम्हिणीचा रस्ता जातो, आणि पावसाळी सुट्ट्यांत किंवा ३१ डिसेंबरच्या रात्री पोलीस गाडी थांबवून नळीत फुंकायला लावतात. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, हे पुष्कळांच्या ध्यानात येते ते व्हिसाचा अर्ज भरताना. तो संबंध काय, एवढेच येथे सांगायचे आहे. आम्ही वकील नव्हे. कामगारांची प्रकरणे घेऊन कोर्टाच्या पायऱ्या चढता चढता कायद्याची पुस्तके वाचायला शिकलो, एवढाच आमचा अधिकार.

प्रथम गुन्हा काय ते पाहू. मोटार वाहन कायदा, १९८८ याचे कलम १८५ असे सांगते की, १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क घेऊन गाडी चालवणे हा गुन्हा होय. २०१९ च्या दुरुस्तीपासून पहिल्या वेळी ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा सापडल्यास २ वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. सिग्नल तोडल्याचा दंड जागेवर भरून मोकळे होता येते. येथे तसे नाही. हा गुन्हा तडजोडीने मिटत नाही, कोर्टापुढे उभे राहावेच लागते. तेथे माणूस काय करतो? एक दिवसाचा खाडा वाचावा म्हणून 'गुन्हा कबूल' म्हणतो, दंड भरतो आणि दुपारच्या पाळीला हजर होतो. त्याच्या लेखी ती दंडाची पावती असते. कायद्याच्या लेखी तो शाबीत झालेला फौजदारी गुन्हा असतो.

आता गंमत पाहा. आपल्या पासपोर्टला अडसर होतो तो मुख्यतः चालू खटल्याचा. पासपोर्ट कायदा, १९६७ प्रमाणे फौजदारी खटला प्रलंबित असेल तर पासपोर्ट नाकारता येतो. मात्र २५ ऑगस्ट १९९३ च्या अधिसूचनेनुसार कोर्टाची परवानगी आणल्यास ठराविक मुदतीपुरता तो मिळू शकतो. उलट, खटला संपून नुसता दंड झाला असेल तर पासपोर्ट अडत नाही. त्यासाठी गेल्या पाच वर्षांत नैतिक अधःपाताच्या गुन्ह्याबद्दल किमान दोन वर्षांची कैद झालेली असावी लागते. म्हणून ज्याला परदेशी जाण्याची घाई, तो कबुली देऊन खटला संपवतो. घरचे दार त्याने उघडते खरे, पण त्याच कबुलीने दुसऱ्या देशाचे दार बंद होऊ शकते.

कॅनडाचे उदाहरण घ्या. १८ डिसेंबर २०१८ पासून तेथे दारू पिऊन गाडी चालवण्याची कमाल शिक्षा ५ वर्षांवरून १० वर्षांवर गेली. परदेशात घडलेला गुन्हा तोलताना तेथील अधिकारी तुम्हाला येथे किती शिक्षा झाली हे पाहत नाहीत. तेच कृत्य कॅनडात घडते तर जास्तीत जास्त किती झाली असती, हे पाहतात. त्यामुळे येथला दहा हजारांचा दंड तेथे 'गंभीर गुन्हेगारी'त मोडू शकतो. मात्र तेथील रक्तातील मद्यार्काची मर्यादा ८० मिलिग्रॅम आहे. येथल्या अहवालात ४० किंवा ५० असेल, तर दोन्ही गुन्हे सारखे नाहीत असा मुद्दा वकिलाला मांडता येतो. याकरिता रक्ततपासणीचा कागद दंडाच्या पावतीइतकाच मोलाचा आहे. शिवाय सर्व शिक्षा पुरी झाल्यावर पाच वर्षांनी 'सुधारला' म्हणून मान्यता मागता येते, आणि तोवर सबळ कारण असल्यास तात्पुरता परवाना मागता येतो.

अमेरिकेची रीत निराळी. साधा एकच गुन्हा तेथे सहसा नैतिक अधःपाताचा धरत नाहीत. पण गेल्या पाच वर्षांत दारूपायी एकदा, किंवा दहा वर्षांत दोनदा अटक झालेल्याला व्हिसापूर्वी त्यांनी नेमलेल्या डॉक्टरकडे पाठवतात. तेथे प्रश्न चारित्र्याचा नसून व्यसनाचा असतो.

आता सर्वांत महत्त्वाचे. एजंट सांगतो, "अर्जात 'नाही' लिहा, कोण बघतो?" दलाली त्याची, जोखीम तुमची. अमेरिकेच्या अर्जात कधीही अटक किंवा शिक्षा झाली होती काय, असे स्पष्ट विचारतात. खोटे उत्तर उघडकीस आले तर ती बंदी कायमची होऊ शकते. कॅनडात ती पाच वर्षांची असते. म्हणजे ज्या गुन्ह्याला वाट होती, तो लपवल्याने वाट जाते. आपल्याकडेही पासपोर्टच्या अर्जात जाणूनबुजून खोटी माहिती देणे हा गुन्हा आहे.

तेव्हा आमचे सांगणे इतकेच. कोर्टात 'कबूल' म्हणण्यापूर्वी वकिलाला विचारा. ऐपत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. निकालाची प्रमाणित प्रत, दंडाची पावती आणि रक्ताचा अहवाल एका पाकिटात जपून ठेवा. अर्जात खरे लिहा आणि सोबत कागद जोडा.

हे सारे पिणाऱ्याची बाजू घेण्यासाठी नव्हे. रात्रपाळी सुटून सायकलवर घरी निघालेला मजूर अशाच गाडीखाली सापडतो, हे आम्ही विसरलेलो नाही. पण झालेल्या चुकीची शिक्षा कायद्याने ठरवली तेवढीच भोगावी. अज्ञानाने तिच्यात आपल्या रोजीरोटीची भर घालू नये.