मूल एक, साक्षीदार दोन

मुलाच्या अडचणीसंबंधी पालक व शिक्षक यांच्यात बोलणे होते, तेव्हा पुष्कळदा ते दोषारोपावरच संपते. घरी शिस्त नाही, असे शिक्षक म्हणतात. शाळेत लक्ष दिले जात नाही, अशी पालकांची तक्रार असते. मूल मात्र आहे तेथेच राहते.

अमेरिकेत जॉन बर्गन यांनी १९७७ साली शालेय मानसशास्त्रज्ञांसाठी सल्लामसलतीची एक पद्धत मांडली. पुढे सुसान शेरिडन व थॉमस क्रॅटोचविल यांनी तीत पालक आणि शिक्षक यांना एकत्र बसविले. अडचण निश्चित करणे, तिची कारणे शोधणे, योजना अमलात आणणे व परिणाम तपासणे, असे तिचे चार टप्पे होत. ‘मुलगा आळशी आहे’ एवढे विधान येथे पुरत नाही. गृहपाठ आठवड्यातून किती वेळा अपुरा राहतो, त्याआधी व त्यानंतर काय घडते, हे दोघांनीही नोंदवायचे असते.

मानसशास्त्रज्ञ प्रश्न विचारून चर्चेला दिशा देतो. निवाडा देत नाही. तोच सतत बोलत राहिला, तर योजना त्याची एकट्याची ठरते. आणि ती पार पाडायची असते घरी आईवडिलांनी, वर्गात शिक्षकांनी. म्हणूनच ऐकून घेणे हा या पद्धतीत उपचाराचाच एक भाग मानावा लागतो.