आजीचं तपेलं भेट द्यायचंय? आधी टॉर्च लावा, मग कल्हई

ज्यांना बसमध्ये रेंज मिळत नाही आणि ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून काढलाय. बोलताना मधेमधे येणारे 'म्हणजे' आणि 'तर' काढलेत. सगळे निघालेले नाहीत.

आजचा विषय आहे घरातलं जुनं भांडं. शहापूर-मुरबाडकडच्या कुठल्याही जुन्या घराच्या माळ्यावर चढा, पोत्यात गुंडाळलेलं एखादं तपेलं, हंडा, परात नाहीतर घंगाळ हमखास सापडतं. बाहेरून चुलीची काजळी, आतून काळपट आणि कडेला हिरवा कळंक. आपल्याला वाटतं, हे चकाचक करून कुणाला तरी भेट द्यावं. कल्पना चांगली आहे. फक्त त्यात काय गमवायचं नाही ते आधी समजून घ्या, कारण गेलेलं परत येत नाही.

पहिली गोष्ट, दुकानात घेऊन जाऊ नका. निदान लगेच नको. मी शहापूरच्या बाजारात एक तपेलं घेऊन फिरले, तर दोन ठिकाणी पहिला प्रश्न आला, "मोडीत देताय का?" मोड म्हणजे वजनावर पैसे किंवा त्या बदल्यात नवीन भांडं. त्यांचा तो धंदा आहे, त्यात वाईट काही नाही. पण मोडीत गेलेलं भांडं वितळतं. तिसऱ्या ठिकाणी सांगितलं, "बफिंग करून देतो, सोन्यासारखं होईल." आता हे बफिंग म्हणजे काय, तर फिरत्या चाकावर भांडं धरून घासायचं. चमक येते ती वरचा पितळेचा थर निघून जातो म्हणून. आणि त्या थरातच बऱ्याचदा सगळ्यात महत्त्वाची गोष्ट असते. नाव.

आपल्याकडे भांड्यावर नाव घालून घ्यायची पद्धत जुनी आहे. आता मशीनने सरळ अक्षरं कोरतात. पूर्वी छोट्या छिन्नीने ठोकून, टिंबाला टिंब जोडत अक्षर काढायचे. याचा उपयोग अगदी व्यवहारी होता. लग्नाकार्याला अख्ख्या गावाची भांडी एका मांडवात यायची. पंगती उठल्या की कुणाचं तपेलं कुठलं ते नावावरून कळायचं आणि ते आपापल्या घरी जायचं. पण त्याच्या पोटात दुसरीही एक गोष्ट होती. बाईने माहेराहून आणलेलं भांडं तिचं, हे लिहून ठेवायची ती जागा होती. आमच्या घरात सातबाऱ्यावर आजीचं नाव कधीच नव्हतं, घराच्या उताऱ्यावर नव्हतं. तिचं नाव होतं ते एका तपेल्यावर.

त्या तपेल्याचीच ही हकिगत. मुरबाड तालुक्यात, सरळगावच्या पुढे, माझ्या आत्याने नवीन घर बांधलं. वास्तुशांतीला काय द्यायचं यावर आमच्या घरी मिक्सर, पंखा, चांदीचा करंडा असं सगळं बोलून झालं. आत्याच्या लग्नात सगळा स्टीलचा सेट दिला होता, तेव्हा तीच फॅशन होती. पण तिचं लहानपणापासूनचं लक्ष आजीच्या तपेल्यावर, हे सगळ्यांना माहीत होतं. म्हटलं तेच नीट करून देऊ.

कुठलीही साफसफाई करण्याआधी नाव वाचायचा प्रयत्न करा, आणि त्याला मोबाईल पुरतो. फ्लॅश लावून समोरून फोटो काढलात तर काही दिसणार नाही, नुसतं पांढरं चमकेल. खोलीत अंधार करा. एका फोनचा टॉर्च भांड्याच्या पृष्ठभागाला जवळजवळ चिकटवून, आडवा धरा, म्हणजे उजेड वरून न पडता कडेने सरपटत जाईल. प्रत्येक खड्ड्याची सावली पडते आणि झिजलेली अक्षरं उठून दिसतात. दुसऱ्या फोनने फोटो काढा. मग टॉर्च दुसऱ्या बाजूने, मग खालून. एका कोनातून 'र' वाटलेलं अक्षर दुसऱ्या कोनातून 'स' निघतं. शेवटी फोटो काळा-पांढरा करून कॉन्ट्रास्ट वाढवा. जुने शिलालेख आणि नाणी वाचणारेसुद्धा असाच तिरका उजेड वापरतात, हा काही माझा शोध नाही. फोटो नीट नाही आला तर भांड्यावर पातळ कागद धरून वरून पेन्सिल हलकी फिरवा.

तारीख सापडली तर ती बहुतेक शकात असते. शक संवतात ७८ मिळवले की इसवी सन येतो. जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंतची तारीख असेल तर ७९ मिळवायचे. आमच्या तपेल्यावर होतं शके १८७९, वैशाख. म्हणजे १९५७.

त्याच्या आधी एक गावाचं नाव होतं, आजीच्या माहेरचं. ते गाव आता नाही. भातसा धरण झालं तेव्हा शहापूर तालुक्यातली काही गावं पाण्याखाली गेली, त्यातलं ते एक. तिथलं पाणी आज मुंबईच्या नळाला येतं. आणि गावाच्या आधी एका बाईचं नाव होतं, जे आमच्यापैकी कुणी कधी ऐकलंच नव्हतं. आम्हाला वाटलं तपेलं दुसऱ्याच कुणाचं तरी आहे, मांडवात बदललं असेल. वडिलांनी फोटो आजीसमोर धरला. तिला बारीक दिसत नाही, म्हणून वाचून दाखवला. ती म्हणाली, "माझंच आहे. लग्नात नाव बदललं. हे आईनी घातलेलं."

ते नाव मी इथे सांगत नाही, आजीने बजावलंय. पण बघा, १९५७ नंतर त्या नावाने तिला फक्त माहेरच्यांनी हाक मारली असेल, आणि आता त्यांच्यातलंही कुणी उरलेलं नाही. मशीनवर दहा मिनिटं घासलं असतं तर ते नाव गेलं असतं, आणि गेलंय हे आम्हाला कळलंही नसतं.

तर आता साफसफाई. बाहेरची काजळी आणि जुनं तेल ही वरची घाण, ती काढायलाच हवी. गरम पाणी, धुण्याचा सोडा, साबण आणि नारळाचा काथ्या. दोन-तीन वेळा करावं लागतं. तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, कानस यांना हात लावू नका. काजळी गेल्यावर जो तपकिरी-काळा थर राहतो, तो पितळेचा हवेशी संयोग होऊन आलेला असतो. त्यावर आजीबाईंचा उपाय बरोबर आहे. चिंच आणि मीठ किंवा आमसुलाचं पाणी. आंबटातलं आम्ल तो थर विरघळवतं. आम्ही चिंचेचा कोळ लावला, पाच मिनिटांनी बोटांनीच चोळला आणि लगेच धुतला. लगेच धुणं महत्त्वाचं. यूट्यूबवर 'रात्रभर भिजवा' असं सांगतात, ते पितळेला करू नका. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. आम्लात फार वेळ राहिलं तर त्यातलं जस्त निघून जातं आणि मागे तांबूस-गुलाबी चट्टे पडतात. ते चट्टे परत पिवळे होत नाहीत. जिथे नाव आहे तो भाग तर मी फक्त कापसाने पुसला. तो थोडा काळा राहिला, आणि त्यामुळे अक्षरं उलट जास्त स्पष्ट दिसतात.

पोचे काढायचे का? खूप मोठा पोचा असेल, भांडं बसत नसेल तर जरूर काढा, तांबट लाकडी मोगरीने आतून हळूहळू ठोकून काढतो. बारीकसारीक असतील तर राहू द्या. भोक किंवा भेग असेल तर मात्र विचारून घ्या की झाळायला काय वापरणार. नेहमीच्या सोल्डरमध्ये शिसं असतं. तसं झाळलेल्या भांड्यात कुंडी ठेवा, भात शिजवू नका.

आता कल्हई. आत्या ते तपेलं शोकेसमध्ये ठेवणारी नाही, ती त्यात भात करणार. म्हणून हा भाग टाळता येत नव्हता. उघड्या तांब्या-पितळेत ताक, चिंचेची आमटी असं आंबट ठेवलं की ते कळकतं. चव बिघडते, मळमळ, उलट्या होऊ शकतात, कारण धातू अन्नात उतरतो. कल्हई म्हणजे आतून दिलेला कथलाचा पातळ थर. कथील आंबटाला फारसं दाद देत नाही.

लहानपणी गावात कल्हईवाला आला की पोरं गोळा व्हायची, असं घरातले सांगतात. मी पहिल्यांदाच बघितलं. आमच्याकडे आलेले काका कल्याणहून येतात, दिवाळीआधी आणि लग्नसराईत. अंगणात छोटा खड्डा, त्यात कोळसा, पूर्वी चामड्याचा भाता असायचा, आता हाताने फिरवायचा पंखा. आधी तपेलं आतून घासून अगदी स्वच्छ केलं, कारण घाणीवर कथील बसतच नाही. मग सांडशीत धरून निखाऱ्यावर फिरवत तापवलं. पुरेसं तापलं की नवसागराची चिमूट टाकली. भसकन पांढरा धूर! नवसागर तापल्यावर धातूवरचा उरलासुरला थर साफ करतो, म्हणजे कथील थेट पितळेला भिडतं. तो धूर घशाला लागतो, त्यामुळे हे काम उघड्यावरच, आणि पोरांना लांब ठेवूनच. मग कथलाची कांडी आत टेकवली, ती मेणासारखी वितळली, आणि काकांनी कापसाच्या बोळ्याने एका दमात ती गोल गोल पसरवली. पिवळं तपेलं आतून दुधाळ चंदेरी झालं. लगेच पाण्यात, चर्रर्र. सगळं मिळून वीस मिनिटंसुद्धा नाही.

त्या वीस मिनिटांचं गणित एका आकड्यावर आहे. कथील २३२ अंशाला वितळतं. पितळ वितळायला ९०० अंशांच्या पुढे जावं लागतं. म्हणून खालचं भांडं शाबूत राहतं आणि वर कथील पाण्यासारखं वाहतं. पण हाच आकडा पुढे वापरताना नडतो, त्याबद्दल शेवटी सांगते.

कथील महाग असतं, शिसं स्वस्त. म्हणून भेसळ होते, आणि शिसं विषारी आहे, विशेषतः लहान मुलांना. कांडी बघायला मागा. शुद्ध कथलाची कांडी कानाजवळ धरून वाकवली तर बारीक करकर आवाज येतो. शिसं कागदावर घासलं की पेन्सिलीसारखी करडी रेघ उठते. या दोन्हींनी अंदाज येतो, खात्री होत नाही. त्यामुळे घाईने कुणाकडूनही करून घेण्यापेक्षा ज्याच्याकडे लोक वर्षानुवर्षं जातात, असा माणूस शोधा. गावातल्या म्हाताऱ्या बायकांना विचारा, मॅपवर तो सापडणार नाही.

ही माणसं कमी होत चाललीत. पुण्यात कसबा पेठेत तांबट आळी आहे, तिथे अजून तांब्यावर हातोडीने एकसारखे ठोके देऊन मठारकाम करतात. त्या ठोक्यांनी भांडं सुंदर दिसतंच, पण पत्रा टणकही होतो. पंजाबात जंडियाला गुरू गावच्या ठठेऱ्यांची पितळ-तांब्याची भांडी घडवायची कला २०१४ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली. आपल्या कल्हईवाल्या काकांची कुठल्या यादीत नोंद नाही. निदान त्यांच्या मजुरीत घासाघीस करू नका.

भेट देताना आणखी एक. घरातलं जुनं भांडं एकट्याचं नसतं. आम्ही आधी आजीला विचारलं, मग काकांना, मग धाकट्या आत्याला, कारण तिलाही वाटू शकतं की मला का नाही. तिला परात हवी होती, ती तिने तेव्हाच सांगून ठेवली. हे आधी झालेलं बरं, नाहीतर वास्तुशांतीच्या पंगतीत होतं. आणि घेणाऱ्याच्या घरी शेगडी कुठली ते बघा. पितळ इंडक्शनवर तापत नाही.

शहापूरहून किन्हवलीमार्गे सरळगाव, आजी गाडीत पुढे बसली आणि तपेलं तिच्याच मांडीवर. नव्या घरात दूध उतू घालायचं ते त्याच तपेल्यात घातलं. आत्याने आधी नावावरून बोट फिरवलं आणि मग आजीला त्या नावाने हाक मारली. सगळे हसले, आजी पण. "आता कशाला," म्हणाली, पण ओ दिली.

वापरताना काय पाळायचं, ते भेटीबरोबर चिठ्ठीत लिहून द्या. कल्हईचं भांडं रिकामं कधी तापवायचं नाही, आधी दूध किंवा पाणी आत, मग गॅस. रिकामं भांडं बघता बघता २३२ अंशांच्या पुढे जातं आणि कथील गोळा होऊन एका कडेला जमतं. त्याच कारणाने कडक फोडणीही नको. लाकडी किंवा नारळाची पळी वापरा, तारेची घासणी बंद. आंबट शिजवलंत तरी रात्रभर त्यात ठेवू नका. आतून पिवळं दिसायला लागलं की परत कल्हई, रोज वापरलं तर काही महिन्यांत वेळ येते. बाहेरून चमक टिकावी म्हणून कुणी लॅकर मारून देतो म्हणालं तर नको म्हणा, गॅसवर ते जळतं.

आत्याचं तपेलं दिवाळीआधी परत काकांकडे जाईल. तोवर झाकणाचा शोध चालू आहे. आजीच्या म्हणण्याप्रमाणे ते १९६२ साली किन्हवलीकडच्या एका लग्नात गेलं ते आलंच नाही. झाकणावर नाव घातलं नव्हतं.