आधी नमुना, मग पैसा

बडोद्याच्या कलाभवनात शिकलेल्या दादासाहेब फाळक्यांनी 1912 मध्ये वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चौकट टिपून पडद्यावर दाखवली आणि चित्रपटासाठी भांडवलदाराचा विश्वास मिळवला. ग्राहकासाठी अ‍ॅनिमेशनपट करताना आजही असाच नमुना लागतो. संहितेनंतर स्टोरीबोर्ड, म्हणजे प्रसंगांची स्थिरचित्रं, मग तीच कच्च्या आवाजासह वेळेत बसवून अ‍ॅनिमॅटिक दाखवतात. ग्राहकाने मनातलं सगळं इथेच बोलावं, अगदी स्पष्ट. सेकंदाला 24 चौकटी असतात. एक चित्र दोन चौकटींना पुरवलं, तरी मिनिटाला 720 चित्रं! पात्रं हलू लागल्यावर प्रसंग बदलला, तर कित्येक दिवसांची मेहनत वाया जाते. संवादही आधीच ध्वनिमुद्रित करतात, कारण पात्राचे ओठ त्यांवरच हलवायचे असतात. संगीत बहुधा शेवटी.